सुती हातमोजे सक्तीचे

माझ्या वहिनीचा हात तुम्ही भाजलात. गोंद सांडला तो तिच्या हातून, हे खरं. पण सांडलेला गोंद तिच्या बोटांवर निखाऱ्यासारखा तापावा, ही सोय तुमची. साहेब म्हणून खुर्चीत बसलात आणि कुणाला न विचारता हुकूम सोडलात. आता ऐकून घ्या.

आमचं काम तुम्हाला नीट माहीत नसावं असा मला संशय आहे, म्हणून सांगते. कंपन्यांनी टाकून दिलेले लॅपटॉप तुमच्या संस्थेकडे येतात, आम्ही बायका ते दुरुस्त करतो, मग ते शाळांना जातात. मी मशीन उघडते. बॅटरी फुगलेली दिसली तर पहिली ती लांब नेऊन ठेवते, कारण शेजारी वहिनी गोंद घेऊन बसलेली असते. मोडकं प्लॅस्टिक सांधणं हे तिचं काम. बिजागरीपाशी चीर गेली की स्क्रीन पडायला आलेल्या दातासारखी लोंबते. तिथे ताण फार, म्हणून वहिनी दोन नळ्यांतला गोंद कालवून लावते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला हात लावू देत नाही. बारीक तुकड्यांना सुपरग्लू, तोही टाचणीच्या टोकाने. जास्त झाला तर बिजागरीत उतरतो आणि झाकण कायमचं मिटतं.

"संसारासारखंच आहे बघ," ती म्हणायची. "फार चिकटवायला गेलं की उघडतच नाही."

"हे दादाला सांगू का?"

"सांग की. त्याला कळलं तर मला येऊन सांग."

गोंद कातडीला लागू नये म्हणून आम्ही पातळ पिशव्या कापून बोटांना गुंडाळायचो, वरून रबर. दिसायचं भिकारडं, कबूल. पण कुणाचं बोट कधी भाजलं नव्हतं. का भाजत नाही, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. चालतंय म्हणून चाललं होतं.

मग तुम्ही पाहुणे घेऊन आलात. त्यांतलं कुणीतरी वहिनीच्या बोटांकडे बघून हसलं आणि तुमचं नाक कापलं गेलं. लगेच पांढरेशुभ्र सुती हातमोजे आले, फोटो निघाले. आमच्या सुपरवायझरला आम्ही पाठीमागे होयबा म्हणतो. त्याने फर्मावलं, "साहेबांचा हुकूम आहे. मोजे नसतील तिने टेबलावर बसायचं नाही."

वहिनी मोजे चढवून हात फिरवायला लागली. "काय वन्सं, बँडवाली दिसते का मी?"

"जादूगार दिसतेस."

"मग होयबाला गायब करू?"

ज्या दिवशी भाजलं त्या दिवशी सुपरग्लूच्या बाटलीचं तोंड बुजलं होतं. वहिनीने बाटली दाबली आणि गोंद भसकन बाहेर आला. अंगठा आणि तर्जनीवरच्या मोज्यात मुरला. बघता बघता कापडातून धूर निघाला.

"अगं, हे तापतंय," ती म्हणाली, पहिल्यांदा नुसती नवल वाटल्यासारखी. मग तिचा आवाज फाटला. मी मोजा ओढायला गेले तर तो कातडीला धरून बसलेला. ओढला असता तर सालडं निघालं असतं. तिला ढकलत नळाखाली नेलं, गार पाण्याची धार सोडली, आणि मोज्यासकट दवाखान्यात घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओढला नाहीत ते बरं केलंत. पण सुती मोजा घालायला सांगितलं कुणी? हा गोंद कापसात मुरला की एकदम घट्ट होतो, आणि होताना असा तापतो की माणूस भाजतो. सुती, लोकरी, काही जवळ नको."

वहिनी ओठ दातांखाली धरून म्हणाली, "आणि आम्ही सांडलेला चिंधीनेच पुसतो."

होयबाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. मी खिडकी उघडली, पत्र्याच्या झाकणात मोज्याचा एक तुकडा ठेवला आणि लांबून वर गोंद सोडला. धूर निघाला. होयबाने हातातले मोजे काढून खिशात कोंबले. "वर सांगतो," म्हणाला. आणि त्याने सांगितलं, याला मी साक्षी आहे. भित्रा आहे, खोटारडा नाही.

तुम्ही काय केलंत? वहिनीची पट्टी सुटल्यावर तिला निरोप धाडलात. सगळ्यांसमोर एवढंच बोलायचं, की मोजा मी नीट चढवला नव्हता, म्हणून भाजलं. बोलली की लगेच टेबल परत.

दादा म्हणाला, "बोलून टाक. जीभ काय झिजते?"

मी चिडले, तर वहिनी माझ्यावरच उखडली. "तुझं काय जातंय? हे काम गेलं तर मी काय करू? दिवसभर तुझ्या भावाचं तोंड बघत बसू?" सभेत बोलायचं वाक्य तिने पाठ केलं होतं. भांडी घासताना पुटपुटायची, ऐकलंय मी.

सभेत ती उठली. "मोजा मी," म्हणाली आणि थांबली. समोर सगळ्या बायका बसलेल्या, मांडीवर पांढरे हात. पहिल्या रांगेतल्या मावशींनी तेवढ्यात आपला मोजा मनगटापर्यंत घट्ट ओढून घेतला. वहिनीचं भाजलं ते ढिलाईने, आपलं तसं नको, एवढंच त्या बिचारीच्या मनात.

वहिनी त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मोजा मी नीटच घातला होता मावशी. बोटाबोटाला बसला होता. म्हणून तर सोडवता आला नाही. सुपरग्लूला हात लावायच्या आधी हे काढून ठेवा, सगळ्यांनी."

तुम्ही म्हणालात, "चौकशी होईपर्यंत यांनी यायचं नाही."

तेव्हापासून ती घरी आहे. अंगठा पुरता वळत नाही. वळावा म्हणून फुटक्या कंगव्याचे तुकडे चिमटीत धरून जुळवत बसते. मी घरात पाऊल टाकलं की पाणी द्यायच्या आधी विचारते, "आज बाया काय घालून बसल्या होत्या?" मला खरं सांगावं लागतं. होयबाची पाठ वळली की काही जणी काढतात. मावशी काढत नाहीत, त्यांना तुमची भीती वाटते.

आता चौकशी कसली राहिलीय? गोंद तुमच्यासमोर आहे, मोजा तुमच्यासमोर आहे, आणि खात्री करायची असेल तर ते पत्र्याचं झाकण मी आणते. हुकूम मागे घेता की नाही, आणि वहिनीला तिची जागा कधी देता, एवढंच सांगा. संध्याकाळी ती दारातच विचारणार आहे. मी तिला काय सांगू?