बाबांच्या अस्थींचा अर्ज

माझा भाऊ राजेंद्र नॉटिंगहॅमच्या एका युनिव्हर्सिटीत चर्चचा कायदा शिकवतो. बौद्ध घरातला माणूस आणि चर्चचा कायदा, म्हणून लोक हसतात. मला हसू येत नाही. त्या कायद्याने माझा बाप अडकवून ठेवलाय.

आईबाबा नॉटिंगहॅमला दादाकडे राहायचे. बाबा, म्हणजे सुखदेव, गेले तेव्हा आईला त्यांच्या अस्थी घरातच ठेवायच्या होत्या. तिची वेळ आली की दोघांचं काय ते एकत्र करायचं, एवढंच तिच्या मनात होतं. दादाने तिला विचारलंच नाही. पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, राहणाऱ्या कुणालाही, धर्म कोणताही असो, चर्चच्या आवारात पुरलं जाण्याचा हक्क असतो, हे तो वर्षानुवर्षं शिकवत आलेला. आमच्या गावात आमच्या लोकांचं स्मशान वेगळं, ओढ्यापलीकडे. गावाच्या स्मशानात आम्हाला पाय ठेवायची सोय नव्हती. त्यामुळे दादाला चेव चढला. "हक्क आहे आपला," म्हणत त्याने अस्थींची लाकडी पेटी थेट चर्चच्या दारापाशी पुरली. आम्ही त्रिशरण म्हटलं, व्हिकर, म्हणजे तिथला पाद्री, अदबीने उभा राहिला. दादाने पुढे त्यावर लेखही लिहिला. आई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. आम्हाला वाटलं, दुःख असेल.

दोन वर्षांनी आई माझ्याकडे बर्मिंगहॅमला राहायला आली. वय एक्क्याऐंशी, दोन्ही गुडघे बदललेले. नॉटिंगहॅमला जायचं म्हणजे ट्रेन, मग बस, मग तो चढ. एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, "कल्याणी, तुझ्या बाबांना इकडे घेऊन ये गं."

पण तिथलं पुरलेलं उकरायला चर्चच्या कोर्टाची परवानगी लागते, आणि ते सहसा देत नाही. एकदा पुरलं की कायमचं. हेही आम्हाला दादानेच शिकवलं, माझ्या घरी जेवताना.

"एक्सेप्शनल कारण लागतं," तो म्हणाला. "गुडघे चालत नाहीत."

"मग काय चालतं?"

"मिस्टेक. पुरतानाच काही चूक झाली असेल तर विचार करतात."

"झालीच की! आईला न विचारता पुरलं, असं लिही."

दादा वरणात चमचा फिरवत राहिला. "कल्याणी, ती जजमेंट्स ऑनलाइन जातात. माझे कलीग्ज वाचतात, स्टुडंट्स वाचतात."

"राहू दे गं," आई ताटातून मान वर न करता म्हणाली. "त्याचं नाव नको खराब व्हायला."

म्हणजे करून गेला हा आणि त्याची अब्रू सांभाळायची तिने. त्याने चौदा पानांचा अर्ज लिहिला, तळटीपांसकट. त्यात गुडघे होते, बस होती, चढ होता. चूक नव्हती. आईने सही केली. मी स्वतः का नाही कोर्टाला लिहिलं? आईने शपथ घातली, हे एक. दुसरं म्हणजे शिकलेल्या भावापुढे तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मार्चमध्ये निकाल आला. नामंजूर. जज फार सभ्य. कुटुंबाने पूर्ण विचारांती आणि एकमताने ही जागा निवडली होती, असं त्यांनी लिहिलं. कायमचं म्हणजे कायमचं, हे तत्त्व अर्जदार बाईंच्या मुलानेच आपल्या लेखात उत्तम मांडलंय, असंही लिहिलं.

शनिवारी दादा स्वतः सांगायला आला. एकमताने, हा शब्द वाचताना त्याचा आवाज जरा खाली गेला, पण वाचला. आईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे गावात आत येऊ देत नव्हते," ती म्हणाली, "आणि इथं बाहेर जाऊ देत नाहीत."

दादाने हातातला निकाल खाली ठेवला. मला वाटलं, आता रडेल, निदान 'आई, चुकलो' म्हणेल. त्याने खिशातून पेन काढलं.

"आई, परत एकदा म्हण ना," तो म्हणाला. "लेक्चरमध्ये घेतो."