कुटुंबप्रमुख

दमयंतीने कोंडीरामच्या नावापुढे ‘मयत’ लिहून एंटर दाबलं, आणि पडद्यावर कुटुंबप्रमुख म्हणून जगदीशचं नाव आलं.

शेजारच्या खुर्चीवर कोंडीरामची बायको सुंदराबाई बसली होती. तिने ते नाव वाचलं.

“आलावता काय तो इथं?”

घोडपदेवची ही चाळ पाडून नवी इमारत व्हायची होती. रहिवाशांची नोंद संगणकावर करायचं काम कमिटीने चाळीतल्याच दमयंतीला दिलं होतं. खोल्यांचा एक तक्ता, माणसांचा दुसरा. दोन्ही तिने ‘फॉरेन की’ नावाच्या दुव्याने एकमेकांना बांधून टाकले, म्हणजे कुणी माणूस खोलीवाचून राहू नये आणि खोली प्रमुखावाचून. प्रमुख वारला की ट्रिगर, म्हणजे मशीनला आधीच घालून दिलेला नियम, आपोआप थोरल्या मुलाला त्याच्या जागी आणी. कमिटीने तसंच सांगितलं होतं.

थोरला मुलगा जगदीश गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी घरातून गेला तो परतलाच नाही. कोंडीराम कितीतरी वर्षं रे रोडच्या लाकडाच्या वखारींतून त्याला शोधत हिंडला. गेल्या महिन्यात वारेपर्यंत त्याने जगदीशबद्दल कुणाला ‘होता’ म्हणू दिलं नाही.

दमयंतीने सुंदराबाईला सावकाश समजावलं. कुणी आलं नव्हतं. मशीनने आपलं आपण नाव वर घेतलं होतं. पण आता नव्या खोलीच्या करारावर सही जगदीशचीच लागणार होती.

सुंदराबाई ऐकत राहिली. पदराच्या टोकाने तिने उगीचच टेबलाची कड पुसली.

“मावशी, मी नियम बदलते. ‘बेपत्ता’ लिहायची सोय करते. कमिटीशी मी बोलेन.”

“आणि गेला म्हणून लिवलं तर?”

दमयंतीचा हात कीबोर्डवरून खाली आला.

“तर खोली तुमच्या नावावर येईल.”

“त्याचं नाव पुसणार?”

“नाही. तुमचा मुलगा म्हणून तुमच्याच खोलीला जोडलेलं राहील.”

सुंदराबाईने पडद्यावरच्या त्या नावावरून बोट फिरवलं.

“लिव,” ती म्हणाली.

दमयंतीने जगदीशच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलं. मशीनने मृत्यूची तारीख मागितली. तारखेवाचून नोंद पुढे सरकेना. जगदीश घरातून गेला तो दिवस आठवतो का, असं दमयंतीने खालच्या आवाजात विचारलं.

सुंदराबाईने नकारार्थी मान हलवली. आठवत नव्हता म्हणून नव्हे.

“आजची घाल,” ती म्हणाली. “आजपर्यंत होता तो.”