दंडावरून घोट्यावर

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाब मोजायचा पट्टा आहे. रडगाणं गायला आलेलो नाही. मी जिंकलोय, ते सांगायला आलोय.

कारखान्यात माझ्या पोटात रबराची पिशवी घालून मला शिवलं आणि एका छोट्या दवाखान्यात धाडलं. तिथे अकरा वर्षं मी दंड आवळले. जाडे, काटकुळे, थरथरणारे. "हा पट्टा खोटं बोलत नाही," असं डॉक्टर म्हणायचे. मग बटणाचं नवं यंत्र आलं आणि मी खणात गेलो. कौतुक संपायला एक बटण पुरतं!

नवं यंत्र बिघडलं, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरना माझी आठवण झाली. माझी शिवण उसवली होती. त्या मला समोरच्या शिंपीमास्तरांकडे घेऊन गेल्या. मास्तरांची मशीन पायानं चालायची. वीतभर शिवलं की मास्तर थांबत, डावी पोटरी दाबत, मग पुन्हा पाय मारत.

"मशीन दमते की तुम्ही?" सिस्टरनी विचारलं.

"पोटरीत गोळा येतो. थांबलं की जातो. वय झालं, दुसरं काय!"

"वय एकट्या डाव्या पायाचं झालं? उजवा अजून तरणाच?"

आतून मास्तरांची बायको म्हणाली, "विचारा, विचारा! मी तीन महिने तेल चोळतेय. चार पावलं टाकली की हे खांब धरून उभे."

शिवून झाल्यावर मास्तरांनी थट्टेनं मला स्वतःच्याच घोट्याला गुंडाळलं. "बघा, काय माप बसलंय!"

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी डाव्या पावलाला हात लावला. गार. मग पावलावरची नाडी चाचपत त्यांनी मला फुगवलं. दंडावर मी दीडशे सांगितले, उजव्या घोट्यावर तेवढेच. डाव्यावर फक्त ऐंशी, म्हणजे तिथवर रक्त धड पोचतच नव्हतं. अकरा वर्षांत मला घोट्यावर कुणी बांधलंच नव्हतं! विचारलंच नाही, तर सांगणार काय, कपाळ?

डॉक्टरांनी पायाची तपासणी केली, रक्त तपासलं आणि समजावलं, "चरबी रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर तिच्या पुड्या बांधतं, वर प्रथिनांचं वेष्टण. त्या लिपोप्रोटीन. त्यातल्या एलडीएलच्या पुड्या फार झाल्या की रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात, थर साचतो, वाट अरुंद होते. तुमची सिगारेट त्यात भरच घालते. असंच चाललं तर पाय कापायची वेळही येऊ शकते."

मास्तरांनी डावी पोटरी धरली. "मग मशीन काय हातानं मारू?"

"गोळी रोज. सिगारेट बंद. आणि चालायचं. दुखलं की थांबायचं, राहिलं की पुन्हा चालायचं."

बायकोनं घरी येताच सिगारेटचं पाकीट ओढून घेतलं आणि मास्तरांच्याच कात्रीनं उभं चिरलं. "कापायचंच तर हे कापू. पाय नाही!"

पहिल्या दिवशी मास्तर जेमतेम कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्यापर्यंत पोचले. सहाव्या महिन्यात चढावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, एकदाही न थांबता! एलडीएल निम्म्यावर आलं. घोट्यावरचा आकडा थोडाच हलला, खोटं कशाला बोलू? पण मास्तर हलले! अख्खी विजार एका दमात शिवून उठले आणि बायकोला म्हणाले, "चल, टाकीपर्यंत येतेस? बघू कोण आधी दमतं."

बायको आधी दमली. आणि काय खूश झाली!

आता पाय दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या घोट्यावर मला बांधतात. म्हणून मित्रांनो, घरात कुणाची पोटरी चालताना दुखून थांबल्यावर राहत असेल, तर "वय झालं" म्हणून त्या माणसाला गप्प बसवू नका. दवाखान्यात न्या. आणि तिथे फक्त दंडच पुढे करायला सांगितला, तर बेधडक म्हणा, "घोट्यावरही बांधा!"