एक घास, एक ओळ

सुचेताचं वजन बारा किलोंनी उतरायला हवं होतं. बंगळुरातल्या येलहंक्याच्या डॉक्टरांनी जेवण निम्म्यावर आणलं आणि वर सांगितलं, "भूक आवरायची असेल तर जेवायला वीस मिनिटं लावा. एक घास खा, घरच्यांशी दोन शब्द बोला, मग दुसरा उचला."

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणून ती उठली. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! घरचे सगळे नागपुरात. नोकरीपायी सत्त्याण्णव साली ती बंगळुरात आली, तेव्हापासून खोलीत आवाज होता तो फक्त पंख्याचा. एक भाकरी आणि वाटीभर दुधीची भाजी पाच मिनिटांत फस्त व्हायची, आणि ताट घासून होईस्तोवर पोटात पुन्हा कावळे ओरडायचे.

मग तिने युक्ती काढली. ताटाशेजारी अंतर्देशीय पत्र घेऊन बसायचं आणि एक घास झाला की दादाला एक ओळ लिहायची. उजव्या हातात पेन, म्हणून जेवायची डाव्या हाताने. आई असती तर हातावर फटकाच बसला असता. पण जेवण वीस मिनिटं पुरू लागलं आणि भूक दमाने घेऊ लागली. दोन महिन्यांत अठरा पत्रं गेली, चार किलो उतरले.

शनिवारी दादाचं कार्ड आलं. तिने ते लगेच वाचलं नाही. रविवारच्या जेवणासाठी राखून ठेवलं. ताट वाढलं, पहिला घास घेतला आणि मग कार्ड उचललं.

"तुझी सगळी पत्रं मिळाली. इकडे सर्व खुशाल. सवडीने लिहितो."

तिने कार्ड उलटून पाहिलं. मागे फक्त तिचाच पत्ता होता. पहिला घास अजून तोंडातच होता.