चेंडूपुढचा अर्धा डॉलर

मी चांदीचा अर्धा डॉलर बोलतो आहे. माझी कीव करावी अशी अपेक्षा नाही. घडले त्याचा मला आजही आनंद आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मला खर्चातून वाचवले ते ऑर्विल टीगने. तो ड्वेन कार्मोडी या गॉल्फपटूचा कॅडी. त्याची पिशवी खांद्यावर वाहणारा. ड्वेनने पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकली, तेव्हा ऑर्विलने मला त्याच्या तळहातावर ठेवले. "खर्चू नकोस. चेंडू उचलशील तेव्हा त्याच्या मागे हे ठेवत जा."

होल म्हणजे चेंडू ज्यात पाडायचा तो खळगा. त्याच्याभोवतीच्या हिरवळीवर चेंडू पुसायला उचलता येतो. मात्र तो होता तिथेच परत ठेवावा लागतो. ती खूण म्हणजे मी. पंच प्रत्येकाच्या पाठीशी नसतो. खेळ खेळाडूच्या शब्दावर चालतो. त्या शब्दाचा साक्षीदार असणे मला मानाचे वाटे.

पुढे ड्वेन वाकताना मला चेंडूच्या पुढे ठेवू लागला आणि परत ठेवताना चेंडू माझ्याही पुढे. अंतर एका नाण्याचे. तेवढ्याने होल जवळ येत नाही. पण चेंडूच्या वाटेत कुणाच्या बुटाच्या खिळ्याने पडलेला ओरखडा टळतो, आणि ओरखड्यावर स्पर्धा हरता येते. चषक वाढले. वृत्तपत्रे त्याच्या स्थिर हातांची स्तुती करू लागली.

जॉर्जियात एका संध्याकाळी ऑर्विलने त्याला मोटारीपाशी गाठले.

"पोरा, तुझं नाणं चालायला लागलंय."

"तुझे डोळे गेलेत, म्हाताऱ्या."

"डोळे शाबूत आहेत, तीच तर पंचाईत आहे."

ड्वेनने त्याला काढून टाकले, वर तो पिशवीतले चेंडू चोरून विकतो अशी आवई उठवली. कित्येक हंगाम ऑर्विलला कुणी उभे केले नाही. तो एका हॉटेलात परक्यांचे बूट चमकवत राहिला. ज्याने मला मान दिला, त्याचे अन्न माझ्यामुळे तुटले. तेव्हापासून मी सुडाची वाट पाहू लागलो.

अखेर लेस्टर हॉब या नवख्या खेळाडूने ऑर्विलला कामावर घेतले. कॅरोलिनातल्या स्पर्धेत लेस्टर आणि ड्वेन शेवटच्या जोडीत आले. रविवारी वादळाने खेळ थांबला. उरलेला एकच होल सोमवारी पहाटे खेळायचा ठरला. ड्वेन एका फटक्याने पुढे होता.

आघाडीचे खेळाडू दुपारी खेळतात. दव पडलेल्या हिरवळीशी ड्वेनची ओळखच नव्हती. चेंडू घरंगळत आला, मागे काळसर माग उमटला आणि चेंडू थांबला तिथे संपला. ड्वेनने सवयीने मला पुढे ठेवले. मी होता नव्हता तेवढा भार देऊन दवात रुतून बसलो.

ड्वेनने पुसलेला चेंडू माझ्याही पुढे ठेवला आणि मला उचलले. ऑर्विलने पाहिले. फटका मारण्यापूर्वी चूक सुधारली, तर दंड होत नाही. त्याच्या एका शब्दाने ड्वेन वाचला असता.

"काय झालं?" लेस्टर कुजबुजला.

"काही नाही. मारू दे त्याला."

चेंडू होलात पडला. टाळ्या विरल्यावर ऑर्विलने पंचाला हाक मारली. "साहेब, इकडे या. पाय जरा जपून टाका." चेंडू आल्याचा एक माग, गेल्याचा दुसरा, मधे अस्पर्श दव, आणि त्यात माझा गोल ठसा.

"वाऱ्याने हलला असेल," ड्वेन म्हणाला.

"आणि नाणंही वाऱ्यानंच ठेवलं का रे?"

ड्वेन स्पर्धेतून बाद झाला. पुढे त्याच्या जोडीला कुणी उभे राहीना. उरलेले आयुष्य त्याने टोलेडोत हौशी लोकांना फटके शिकवण्यात काढले. त्या सकाळी त्याने मला ऑर्विलसमोर धरले होते. "घे तुझं."

"दिलेलं परत घेत नाही मी. जवळ ठेव."

त्याने ठेवले. त्याला मला खर्चता आले नाही, फेकताही आले नाही. खिशात हात गेला की त्याची बोटे मला लागत आणि चटकन मागे सरत. त्या प्रत्येक वेळी मी तृप्त झालो.

आता तो अंथरुणावर आहे. काल मुलगी नोरीन त्याचे कोट झटकत होती.

"बाबा, हे चांदीचं आहे. विकू का?"

"वीक. आजच वीक."

नोरीन, माझी विनंती ऐक. मला विकू नकोस. त्याच्या अंगावर शेवटचा कोट चढवाल, तेव्हा मला त्याच्या खिशात ठेव. तो सुटला असे त्याला वाटता कामा नये.