धुळाप्पांची नोटीस

"ते घरात न्हाईत, मामा! गावाला गेलेत!"

मुमताजने दाराआडून सांगितले आणि कडी लावून घेतली. दारात तिच्या नवऱ्याची, गौसची, रिक्षा उभी होती आणि आतून गौसचा खोकला ऐकू येत होता.

धुळाप्पा पायरीखालीच उभे राहिले. त्यांना राग आला नाही. एकतीस वर्षे त्यांनी कोर्टात बेलिफ म्हणून समन्स आणि नोटिसा वाटल्या होत्या. त्यांना पाहिले की शुक्रवार पेठेतली निम्मी माणसे अशीच उभ्या उभ्या गावाला जात. निवृत्तीला चार वर्षे झाली, तरी गल्लीची सवय मोडली नव्हती.

"पोरी, नोटीस न्हाय आणली," ते हळू आवाजात दाराला म्हणाले. "त्यो मेसेज आलाय न्हवं..."

"सांगितलं की, न्हाईत म्हणून!"

सगळा घोळ त्या मेसेजचा होता. तासाभरापूर्वी धुळाप्पांच्याही मोबाईलवर तो आला होता. तुमच्या वाहनाने सिग्नल तोडला आहे, दंड आजच भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस निघेल आणि गाडी जप्त होईल. खाली निळी ओळ, ती दाबायची. धुळाप्पांचे वाहन म्हणजे एक सायकल, तीही दोन वर्षे पंक्चर होऊन भिंतीला टेकलेली. तरी ते घाबरले. चष्मा पुसून त्यांनी मेसेज तीनदा वाचला, आणि मग त्यांना हसू आले. ते हसू कोणाला तरी सांगावे म्हणून ते कोपऱ्यावरच्या येडूच्या इस्त्रीच्या गाड्यापाशी गेले, तर येडू म्हणाला, "गौसभाईलाबी आलाय. दंड भरतो म्हनत घरात पळाला. लेकीच्या नर्सिंगची फी हाय की त्याच्या खात्यात, सोमवारी भरायची."

येडूने फोन लावला. गौसने तो कापला. म्हणून धुळाप्पा स्वतः धावत आले होते. पण कोर्टाची नोटीस निघेल असे वाचल्यावर दहा मिनिटांत बेलिफच दारात उभा राहिला, तर मुमताजने तरी काय समजावे?

मागून आलेल्या येडूने हाक मारली, "भाभी, उघडा की!"

"तुमीबी पंच म्हनून आलाय व्हय?" आतून उत्तर आले.

पंच! धुळाप्पांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. माणूस दार उघडत नसेल तर काय करायचे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

"येडू, तुजी खळीची वाटी आण. आन् पावतीबुकातला एक कागद."

साड्यांना लावायची खळ आली. इस्त्रीला कपडे घेऊन आलेले पंचाक्षरी मास्तर दुसरे पंच झाले. धुळाप्पांनी रिक्षाच्या टपावर कागद ठेवून भराभर लिहिले, दारावर डकवले आणि घसा साफ केला. चार माणसांत बोलताना ते चाचरत, पण नोटीस वाचताना त्यांचा आवाज खणखणीत लागे.

"गौस हुसेनसाब शेख, धंदा रिक्षा, राहणार शुक्रवार पेठ, यांस या नोटिशीने कळविण्यात येते, की मोबाईलमधील निळी ओळ दाबू नये! पिन कोठेही टाकू नये! दंड खरा असल्यास पोलीस चौकीत गाडीचा नंबर सांगून स्वतः खात्री करावी! तसेच आपण घरात असून आत्ताच खोकला आहात, याची दोन पंचांसमक्ष नोंद घेतली आहे!"

गल्ली खदखदून हसली. मग आतून गौसचा आवाज आला, "मुमताज, खोल."

गौस बाहेर आला तेव्हा त्याचा अंगठा हवेतच होता. "मामा, पिनचा एकच आकडा राहिला होता."

"मेसेजात तुज्या रिक्षाचा नंबर हाय का?"

गौसने पाहिले. "न्हाय की!"

"माज्या सायकलीनंबी सिग्नल तोडलाय." धुळाप्पांनी आपला मोबाईल पुढे केला. "ह्यो बग."

मुमताज ओढणी तोंडाला लावून हसायला लागली. "आन् तुमाला बघून मला वाटलं, झालं, रिक्षा गेली!"

"दाबलं असतं तर, मामा?" गौसने विचारले.

"तर १९३० ला, सायबर पोलिसांच्या नंबरला, लगेच फोन करायचा. लाजून गप बसायचं न्हाय."

"आत या. च्या घ्या."

या घराच्या उंबऱ्यापर्यंत ते कितीदा तरी आले होते. आत कधीच नाही. ते गोंधळले. "आदी... आदी सही कर. पोच लागती," असे काहीतरी म्हणाले. गौसने दारावरच्या कागदावर झोकात सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळाप्पा पुस्तक वाचत बसले होते. कुठेतरी कडी वाजली. त्यांनी पान उलटले. पुन्हा वाजली.

"मामा, घरात हाय का? वीज तोडतो म्हनून मेसेज आलाय. बगा की जरा!"

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कड्या वाजवल्या होत्या. बायको केराबाई वारल्यापासून त्यांच्या दाराशी कोणी आले नव्हते. वाजते आहे ती कडी आपलीच आहे, हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते उठले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि दार उघडायला गेले.