हळद लागलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पंप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रस्त्याकडेचा पेट्रोलपंप येईल, पण तो मी नव्हे. मी गाडीच्या टाकीत बुडून राहणारा मुठीएवढा पंप. टाकीतले पेट्रोल उपसून इंजिनापर्यंत पोचवायचे, एवढेच माझे काम. आता मी हिंगोलीतल्या मुकुलच्या गॅरेजमध्ये एका फळीवर पडून आहे. माझ्या शेजारी एक न उघडलेले खोके आहे. त्या खोक्याकडे बघितले की मला अजूनही धडकी भरते.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि मला एका लाल गाडीत बसवले. त्यानंतर कुणी माझे तोंड पाहिले नाही. गाडी धुतली जायची, चाके पुसली जायची, काचेवर नावे रंगवली जायची. माझ्यावर मात्र कुणी साधी फुंकरही मारली नाही. जो दिसत नाही त्याचे कौतुक कोण करणार? तरी मी कधी कामात कुचराई केली नाही. इंजिनाने मागावे आणि मी द्यावे, असा आमचा सुखाचा संसार होता.

मग गाडी कुलदीपकडे आली. कळमनुरी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर तो आईवडील आणि धाकटी बहीण दिपा यांच्याबरोबर राहायचा. पोरगा मनाचा मोठा, पण वेगाचा वेडा. त्याने मुकुलकडून गाडीला सुपरचार्जर बसवून घेतला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारे यंत्र. काय त्याचा तो शिट्टीसारखा आवाज, काय ती चकाकी! बॉनेट उघडले की सारा तांडा गोळा व्हायचा. मी टाकीत बसून ते सगळे ऐकायचो आणि मला भीती वाटायची.

कारण मुकुलने त्याच दिवशी बजावले होते, "हवा वाढवली, आता पेट्रोलबी तेवढंच वाढवावं लागतंय. हा जुना पंप पुरणार न्हाई. मोठा पंप अन् मोठे इंजेक्टर येईपर्यंत गाडी दाबू नको."

इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या तोट्या. मुकुलचे खरेच होते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडले की इंजिन आतल्या आत तापून जळू लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कुलदीप हळू चालवायचा तोवर मी कसाबसा पुरा पडायचो. त्याने जरा पाय दाबला की इंजिनातून खडखड ऐकू यायची, दात वाजल्यासारखी. ती मला ऐकू यायची, त्याला मात्र शिट्टीच ऐकू यायची.

नवे सामान आले ते नेमके दिपाच्या हळदीच्या दिवशी. कुलदीप हिंगोलीला जाऊन खोके घेऊन आला. लगेच बसवून घ्यावे, अर्ध्या दिवसाचे काम आहे, असे त्याच्या मनात होते. पण त्याची आई, रूपाबाई, आडवी आली.

त्याचे असे होते, की पूर्वी तांड्यावरची नवरी सासरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहून रडत रडत गाणे म्हणायची. बैलालाही हळद लागायची. आता बैल राहिले नाहीत, म्हणून कुलदीपची गाडीच बैलाच्या जागी ठरली होती. रूपाबाईने सकाळीच बॉनेटवर हळदीचा पंजा उमटवला होता.

"गाडीला हळद लागली," ती म्हणाली. "दिपा सासरी जाईस्तोवर तिला लोखंड लावायचं न्हाई, साधा पानाबी न्हाई."

आईचा शब्द कुलदीपने मोडला नाही. खोके डिकीत गेले. माझ्यापासून हातभर अंतरावर नवा पंप झोपून राहिला, आणि कामाला मीच उरलो.

दुसऱ्या दिवशी लग्न लागले आणि दुपारी पाठवणी झाली. दिपा गाडीच्या पायरीवर उभी राहून गायली, सारा तांडा रडला. वडील, नेमसिंग, कुलदीपच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, सावकाश ने. त्याने मान हलवली आणि तो खरोखरच सावकाश निघाला. मागे दिपा आणि तिचा नवरा अमरसिंग बसले होते.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे अमरसिंगच्या मित्रांची जीप शेजारून गेली. पोरे ओरडली, नुसती शिट्टीच वाजते का पळतेबी? कुलदीप हसला. मग त्याचा पाय खाली गेला.

मी जीव तोडून उपसले, मित्रांनो. जेवढे होते तेवढे दिले. इंजिन आणखी मागत होते आणि माझ्याकडे नव्हते. खडखड सुरू झाली. मागून दिपाचा आवाज आला. तांड्यात भावाला भिया म्हणतात.

"भिया, लेकीला बसवून बैल कुणी पळवला व्हता का?"

त्याने पाय उचललाही. पण तोवर इंजिन जळून जाम झाले होते. गाडी उजव्या अंगाला ओढली गेली. समोर हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर होता. मागे बहीण होती, म्हणून कुलदीपने चाक असे फिरवले की धडक त्याच्याच बाजूला बसली. पोती फुटली. सगळ्या रस्त्यावर हळद सांडली.

दिपा आणि अमरसिंग वाचले. कुलदीप वाचला नाही.

मोडक्या गाडीतून मला आणि त्या खोक्याला मुकुलने काढून आणले. रूपाबाई एकदा गॅरेजमध्ये आली होती. खोक्यावर हात ठेवून तिने विचारले, "मी लोखंड लावू दिलं असतं तर?" मुकुलने तिला पाणी दिले.

त्या दिवसापासून सुपरचार्जर मागायला कुणी आले, की मुकुल आधी मला त्याच्यापुढे ठेवतो आणि सगळे सांगतो. बरेच जण ऐकतात. काल आखाडा बाळापूरचा एक तरुण आला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "पंपाचं नंतर बघू. वरात तर परवा हाय." मुकुलने काम करायला साफ नकार दिला. तर तो म्हणाला, दुसरीकडून बसवून घेतो, आणि निघून गेला.

त्याची गाडी पांढरी आहे. बॉनेटवर हळदीचा पंजा आहे, अजून ओलाच. मला फळीवरून उतरता येत नाही, मित्रांनो. तुमच्या रस्त्याने ती गाडी आली, तर तिला हात दाखवून थांबवा आणि आतल्या पंपाबद्दल विचारा.